वाळकाच्या वेलावरचं लुगडं

चुलीमागच्या भिंतीवर शेणाची एकच थापी उरली होती. पुरीएवढी, धुरानं काळी पडलेली. आत वाळकाचं बी, वर माझ्या म्हातारीच्या, म्हणजे बायकोच्या, बोटांचे ठसे. साडेतीन बोटांचे. म्हातारी चैतात गेली. थापी राहिली.

आमच्याकडं बायका बी असंच ठेवतात. पिकल्या वाळकाचं बी राखेत चोळायचं, शेणात कालवायचं अन् चुलीमागं थापून द्यायचं. धुरामुळं कीड लागत नाही, उंदीर तोंड लावत नाही. मिरग निघाला की थापी उचकटायची, पाण्यात भिजवायची, बी लावायचं. दरसाली तिच्या आठ-दहा थाप्या असायच्या, दोडक्याच्या, भोपळ्याच्या, वाळकाच्या. मागच्या दिवाळीपासून तिनं अंथरूण धरलं. मधेच एका सकाळी उठून बसली, शेण मागवलं, ही एक थापी थापली अन् पुन्हा निजली.

दोडक्या-भोपळ्याचं बी पेडगावच्या दुकानात पुडीत मिळतं. हे वाळूक मिळत नाही. तिचं माहेर येलदरीच्या अंगाला, पूर्णेच्या काठचं. लग्न होऊन आली तवा तिच्या आईनं पदराच्या गाठीत अशीच एक थापी बांधून दिली होती. लग्नातली भांडी चेपून मोडीत गेली, पेटी गंजली, माहेरची माणसं एकेक करून सरली. तिकडं आता कोणी हे वाळूक लावत नाही, मी निरोप धाडून विचारलं. म्हणजे माझ्या भिंतीवरचं बी गेलं की सगळंच गेलं.

काकडीच्याच जातीचं फळ, हातभर लांब असायचं. अंगावर हिरवे पट्टे. पिकलं की आपोआप उलायचं, मधोमध तडकायचं, अन् वास पार रस्त्यापर्यंत जायचा. दुपारी जेवून बाजेवर पडावं, डोळा लागावा, अन् झोपेतच कळावं की वाळूक उललं. मी कितीदा तसा जागा झालो. बघावं तर ती वेलापाशी वाकलेली, पदर खोचलेला, अन् तिच्या डोक्याभोवती माशा.

आता त्या अर्ध्या बोटाचं सांगतो. ऐन उमेदीत कडबा तोडताना तिच्या उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं बोट पात्यात गेलं. पेर तुटलं. मी रुमालानं बांधून तिला बैलगाडीत घातलं तर वाटेत मलाच भोवळ आली, तिनंच गाडी हाकली. तर आमच्याकडं कोवळ्या फळाकडं बोट दाखवत नाहीत. बोट दाखवलं की फळ सडतं, गळतं. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून दाखवायचं. म्हातारी मात्र खुशाल दाखवायची. हे बघा इथं एक, हे बघा पानाखाली एक. मी दटावलं की म्हणायची, "माझं बोटच अर्धं हाय. मला दोष लागत न्हाई."

अन् खरंच तिचं फळ कधी गळालं नाही.

न्हाणीच्या मागं तिचा एक तुकडा होता. बाग म्हणायची सोय नाही. न्हाणीचं सांडपाणी तिकडं जायचं, त्यावर जे उगवेल ते उगवायचं, अन् ती उपटायची नाही. तरवड होता, वर्षातनं कितीतरी महिने पिवळाधमक. आघाडा, टाकळा, रानतुळस. मेथी-कोथिंबीर लावायची अन् निम्मी मुद्दाम फुलावर सोडायची. शेपूची छत्र्यांसारखी फुलं डोक्याएवढी व्हायची. कडेला मोडक्या गोठ्याचा एक लाकडी वासा पडलेला. त्यात काळ्या भुंग्यांनी गोल गोल भोकं पाडलेली, गिरमिटानं पाडावीत तशी. खाली पिवळा भुसा सांडायचा. मातीच्या परळात पाखरांना पाणी. सातभाई यायचे, गलका करून अंगण डोक्यावर घ्यायचे. बुलबुलाची जोडी तरवडात घर करायची. फुलचुखी नावाचं एवढंसं पाखरू, चिंचोक्याएवढं म्हणा, रानतुळशीच्या दांडीला उलटं लटकायचं.

मी कापूस-सोयाबीनचा माणूस. आमचं शिक्षण चौथीचं, पण तण दिसलं की उपटायचं हे चौथीच्याही आधी शिकलो. रान कसं तळहातासारखं पाहिजे. मी तिला म्हणायचो, "हे तुझं कचराघर कापून काढतो एक दिवस."

"काढा की," ती म्हणायची. "पन मी गेल्यावर काढा. माझ्या डोळ्यादेखत नगं."

"साप निघंल."

"तुमच्याशी संसार केला, सापाला काय भ्यायचं."

असं बोलून ती परळात पाणी ओतायची. भुंगा वाशातून निघून तिच्या कानापाशी गुणगुणत जायचा. ती त्याला वारायची नाही. पावना हाय, म्हणायची. मला त्या आवाजानं झोप यायची. आता वाटतं, चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी दुपारी निजलो ते त्या आवाजावर. मला वाटायचं जेवणामुळं झोप येते.

ती गेली. त्याचं जास्त लिहीत नाही. सकाळी पाणी मागितलं, मी तांब्या घेऊन आलो तवर मान कलली होती. तांब्यातलं पाणी मी परळात ओतलं. दुसरं काय करावं सुचलं नाही.

तेराव्याला पाहुणे येणार. मांडव टाकायला जागा पाहिजे, मागं पंगत बसवायची. लेक म्हणला, मजूर सांगतो. मी म्हणलं, मजूर कशाला, मी हाय की. माणूस मेल्यावर हाताला काम नसलं की हात वैऱ्यासारखे होतात. सहाव्या दिवशी मी विळा घेतला. तरवड बुंध्यातून तोडला. आघाडा, टाकळा, तुळस, फुलावर आलेली कोथिंबीर, सगळं कापलं, ढीग घातला, पेटवलं. पुन्हा फुटू नये म्हणून पाठीला पंप अडकवला अन् तणनाशक मारलं. वासा फोडला. तेराव्याच्या वरणाला त्याचंच जळण झालं. फोडताना एका भोकातनं एक भुंगा निघाला, माझ्याभोवती दोन गिरक्या मारल्या अन् रस्त्याकडं गेला.

पाहुणे म्हणले, "अंगण कसं लख्ख ठेवलंय म्हाताऱ्यानं."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. पाहुणे गेल्यावर मांडवाच्या खुंट्या उपटताना एकदम ध्यानात आलं. मी गेल्यावर काढा, म्हणली होती. मी तेरा दिवससुद्धा थांबलो नाही.

उन्हाळा तसाच गेला. मी बाजेवर पडायचो. झोप यायची नाही. दूर पेडगावच्या ठेसनाकडं गाडीचा भोंगा वाजायचा, मग पुन्हा काही नाही. परळात पाणी घालायचो, त्याच्यात कडुलिंबाची पानं पडून कुजायची. एखादा कावळा यायचा, चोच बुडवून माझ्याकडं तिरकं बघून जायचा. डोळे मिटले की ती वेलापाशी वाकलेली दिसायची. उघडले की लख्ख अंगण.

मिरग निघाला, वर आठ दिवस झाले. थापी भिंतीवरच होती. मी रोज सकाळी तिच्यासमोर जाऊन उभा राहायचो. उचकटली की ठसा मोडणार. तिच्या हाताचं घरात दुसरं काहीच उरलं नव्हतं.

शेजारी माझ्या चुलतभावाची बायको राहते. भिंतीला भिंत. तीही रांडाव, माझ्याहून दोन-चार वर्षांनी थोरली. मी तिला वैनी म्हणतो. तोंडानं माझ्याहून तिखट. ती ताक द्यायला आली अन् मला भिंतीपुढं उभा बघितला.

"भावजी, बी लावायचं का देवारात ठेवायचं?"

"ठसा मोडंल, वैनी."

"मग ठसाच लावा. ठशाला वाळकं लागतेत का बघू."

मी थापीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"चूल पेटायलीय का तुमची?" ती म्हणली. "सुनबाई गॅसवर करायली सगळं. धूर बंद झाला, आता त्याला कीड लागंल. औंदा उगवलं तर उगवलं. पुढल्या साली नुसता भुगा निघंल तिच्यातनं, मग त्यो भुगा कवटाळून बसा."

ताकाचं पातेलं ठेवून निघून गेली. खरं बोलणाऱ्या माणसाचा राग येतो, पण काम तेच करून घेतात.

मी पितळीत कोमट पाणी घेतलं अन् खुरप्याच्या टोकानं थापी उचकटली. पाण्यात ठेवली. आधी करंगळीचा ठसा विरला, मग तिच्या शेजारचा, मग मधल्या बोटाचा. अर्ध्या बोटाचा खळगा खोल होता, तो शेवटपर्यंत तग धरून होता. मग पाणी गढूळ झालं अन् तळाला बी राहिलं. नऊ निघालं. तीन पोचट, वर तरंगलं. सहा मी न्हाणीमागं, तिच्या जुन्या तुकड्यात लावलं. चार उगवलं. एक कोंबालाच किड्यानं कातरलं, एक शेळीनं खाल्लं. राहिले दोन वेल.

दोन वेलांना मी जितकं जपलं तितकं लेकरांनाही जपलं नसेल. भोवती एक काडी उगवू दिली नाही. रोज सकाळी खुरपं. आखाडात वेल फुलावर आले. पिवळी फुलं, बटणाएवढी. नुसतं देखणं फूल वेगळं अन् बुडाशी चिमुकलं लवदार वाळूक घेऊन येणारं फूल वेगळं. तशी फुलं आली तवा मी दोन्ही हात मागं बांधून उभा राहिलो, चुकून बोट जाऊ नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी ती बाळवाळकं पिवळी पडली. चौथ्या दिवशी गळाली.

कीड असंल म्हणून पंप काढला, औषध मारलं. पुन्हा आली, पुन्हा गळाली. पुन्हा मारलं. मग माझ्या डोक्यात आलं की हे किडीचं काम नाही. कोणीतरी बोट दाखवतंय. न्हाणीमागून गल्लीची वाट जाते, कुंपण होतं ते मीच कापलेलं. येणारा-जाणारा बघतो, म्हाताऱ्याच्या वेलाला वाळूक आलं म्हणतो, हात वर करतो. अन् सगळ्यात जास्त येणं-जाणं कोणाचं? वैनीचं.

मी सरळ जाऊन विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

"वैनी, तुमी माझ्या वाळकाकडं बोट दावायलाव का?"

ती धने पाखडत होती. सूप खाली ठेवलं. "काय म्हणलाव?"

"गळायलेत. रोज गळायलेत."

"म्हातारी होती तवर तिनं बोट दावून दावून मला वाळकं दिली. आता मी तुमच्या दारात येऊन बोटं मोडू? उठा. जावा. उठा आधी."

उठलो. पंधरा-वीस दिवस ती बोलली नाही. ताकही बंद.

घरी येऊन मी म्हातारीची पेटी उघडली. वर तिचं जुनं अंजिरी लुगडं होतं, धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं. चार काठ्या रोवल्या अन् दोन्ही वेलांवर लुगडं चारी बाजूंनी झाकून घेतलं. काठांवर दगड ठेवले. म्हणलं, आता कोणाची नजर जाते अन् कोणाचं बोट जातं बघतो. तिच्या लुगड्याखाली तिचा वेल. याहून जास्त राखण मी काय करणार होतो.

अन् सांगतो, मला ते आवडायला लागलं. सकाळी ऊन वर आलं की मी एक काठ उचलून डोकं आत घालायचो. आत सगळं अंजिरी. पानं अंजिरी, माती अंजिरी, माझे हात अंजिरी. फुलं तेवढी दिव्यासारखी पिवळी. लुगड्याला अजून तिच्या पेटीतल्या कापराचा वास होता. वारा आला की कापड वर उचलायचं अन् खाली बसायचं, झोपलेल्या माणसाचं पोट हलतं तसं. मी तिथंच मातीत बसून राहायचो. किती वेळ ते कळायचं नाही. सुनबाई चहा घेऊन हाका मारायची, तो आवाज नदीपलीकडून यावा तसा यायचा. मला वाटायचं ती आत कुठंतरी पानाखाली आहे, आता म्हणेल, हे बघा इथं एक.

पण तिथंही फळं गळतच होती. लुगड्याखाली बाळवाळकं पिवळी पडून निजल्यासारखी मातीवर पडलेली असायची. मी एकेक उचलून खिशात घालायचो. सुनबाईनं धुण्याला टाकताना सदऱ्याच्या खिशातून मूठभर काढली. वाटीत घालून ओट्यावर ठेवली.

श्रावण लागला. वेलाची बुडाकडची पानं सुकायला लागली. वाळकाच्या वेलाचं आयुष्य केवढं. अजून पंधरा-वीस दिवस फुलं येतील, मग तो वाळतो. तेवढ्यात एक तरी फळ धरून पिकलं नाही तर बी नाही. भिंत रिकामी, पितळी रिकामी.

एका सकाळी मी असाच आत डोकं घालून बसलो होतो अन् मागून आवाज आला.

"कोन निजलंय म्हनायचं आत?"

वैनी. पंधरा-वीस दिवसांनी. मी डोकं बाहेर काढलं.

"गळायचं थांबलं का लुगड्यानं?"

"न्हाई."

"मग बोट कोनाचं आता? लुगड्याचं?"

ती शेजारी दगडावर टेकली. गुडघे धरून बसली.

"काय ऐकू येतंय?" तिनं विचारलं.

मी कान दिला. "काहीच न्हाई."

"तेच म्हनते मी. माझ्या परसात या अन् ऐका." मग मला हातानंच थांबवून म्हणली, "भावजी, फूल काय आपल्याच मनानं फळ धरतंय व्हय? माशी एका फुलातनं उठावी, दुसऱ्यात बसावी, तवा धरतंय. तुमच्या दारात माशी कुठं हाय? तरवड तुमी तोडला, तुळस तुमी जाळली, भुंग्याच्या घरावर वरण शिजवलं. जे उरलं त्येच्यावर औषध. अन् चुकून एखादी वाट चुकून आली तर तिला दार बंद. वर लुगडं."

वाळूक सगळ्यांच्या डोळ्यांपासून राखलं अन् ज्याच्यावाचून ते होत नाही त्यालाच बाहेर ठेवलं. जन्मभर शेती केली, मोहोळाचा मध खाल्ला. एवढं मला कळायला पाहिजे होतं. कळत होतंही असेल. पण ते तिच्याकडचं काम होतं, मी कधी त्यात डोकं घातलं नाही.

आधी मी स्वतः करून बघितलं. बुडाशी फळ नसलेलं, नुसतं फूल तोडून फळाच्या फुलात टेकवायचं, वैनीनंच सांगितलं. माझ्या बोटांना औताचा रुमणा ठाऊक. दोन फुलं टेकवतानाच देठातून मोडली. वैनी म्हणली, "राहू द्या. जेचं काम त्याला करू द्या."

मग लुगडं काढलं. दगड उचलले, काठ सोडले. वाऱ्यानं ते एकदम अंगावर आलं, माझ्या तोंडावर, खांद्यावर. मी तसाच थोडा वेळ उभा राहिलो. वैनी दुसरीकडं बघत होती. घडी घातली अन् पेटीत ठेवून आलो. पंप माळ्यावर टाकला.

दुपारून वैनी घमेलं घेऊन आली. त्यात रानतुळस, मुळासकट, मंजिऱ्यांनी लदलेली. दुसऱ्या खेपेला धने पेरलेली, फुलावर आलेली एक फुटकी बादली.

"तुमच्या परसातलं कशाला उपटलंत?" मी म्हणलं.

"माझं कुठंय. तिनंच दिलेलं हाय. चार सालं झाली. तुमी कापून काढशाल म्हनून तिनं माझ्याकडं ठिवलं होतं."

मी घमेलं खाली ठेवलं. ते नीट बसतंय का बघायला जरा जास्तच वेळ लावला.

तुळस अन् बादली वेलाजवळ मांडली. नदीच्या वाटेवरून एक जुना पोखरलेला ओंडका आणून ठेवला. खुरपणं बंद केलं. हे सगळ्यात अवघड गेलं. हात शिवशिवायचे. पण पाणी पडत होतं, आठ दिवसांत टाकळा वर आला, आघाडा आला. अन् एका सकाळी तरवडाच्या बुंध्याला, औषध पचवून, दोन कोंब फुटलेले दिसले. मी त्या कोंबांपुढं बसलो अन् म्हणलं, लय चिवट बाबा तू. तुझ्या मालकिणीवर गेलास.

रोज सकाळी वेलापाशी बसायचो. पहिला दिवस काही नाही. दुसरा, तिसरा. तुळशीवर माशा यायच्या, बारक्या, सोनेरी पोटाच्या. बादलीतल्या पांढऱ्या फुलांवर बसायच्या. वाळकाच्या फुलाकडं फिरकायच्या नाहीत. मी नुसता बघायचो. ऊन पाठीवर चढत जायचं. त्या तिकडं गुणगुणत होत्या अन् माझे डोळे जड होत होते, कितीतरी महिन्यांनी.

चौथ्या का पाचव्या दिवशी मला बसल्या बसल्या डुलकी लागली. त्यात ती आली नाही, कोणीच आलं नाही. नुसतं पिवळं काहीतरी होतं, उन्हासारखं, अन् त्यातनं आवाज येत होता. जागा झालो तर आवाज खरा होता. माझ्या गुडघ्यापाशीच्या फुलात एक माशी डोकं खुपसून, बूड वर करून बसली होती. निघाली ती पिठानं माखल्यासारखी. उडाली, घिरट्या घातल्या, अन् पलीकडच्या फुलात शिरली. त्या फुलाच्या बुडाशी चिमुकलं लवदार वाळूक होतं.

माझे हात मुठीत.

त्या आठवड्यात तीन-चार फळं धरल्यासारखी झाली. दोन सुकली, एक गोगलगायीनं खाल्लं. एक राहिलं. बोटाएवढं, मग केळाएवढं, मग हातभर. अंगावर पट्टे उमटले. सुनबाई बघायला आली तर आपसूक तिचं बोट वर झालं, मग लगेच मुडपलं, अन् माझ्याकडं बघून हसली. मीही हसलो. म्हणलं, "राहू दे. आता धरलंय त्ये."

भादव्यात एका दुपारी मी बाजेवर होतो. झोपेतच कळलं. उठून गेलो. वाळूक मधोमध उललं होतं अन् फटीवर बुलबुल बसून चोची मारत होता. माझ्या पायाखाली खडा होता. जन्मभराची सवय, मी वाकलोसुद्धा. मग तसाच ताठ झालो. म्हणलं, खा बाबा, तुझंही घर मी तोडलंय. बी तेवढं ठेव. त्यानं चांगले चार घास खाल्ले. त्याचं होऊ दिलं अन् मग मी वाळूक तोडलं.

फोडी केल्या. एक सुनबाईला, एक लेकाला, एक वैनीकडं, एक म्हातारीच्या फोटोपुढं. मी खाल्ली ती उभ्या उभ्याच, न्हाणीमागं. गोडीला जरा कमी होतं. लुगड्याखाली वेलाला ऊन मिळालं नाही, त्यामुळं असेल.

बी पुष्कळ निघालं. सुनबाईनं आपणहून चूल पेटवली. वैनी शेण घेऊन आली अन् भिंतीशी येऊन उभी राहिली. बी राखेत चोळलं, शेणात कालवलं. मी गोळा घेतला अन् भिंतीवर थापला. सबंध पंजा उमटला, चारी बोटं, जाड, वेडीवाकडी.

वैनीनं बघितलं. "एक बोट जरा मुडपायचं होतं," ती हळूच म्हणली.

"कशाला? माझं शाबूत हाय. तिचं म्हनून कोनाला दावू?"

मी उरलेल्या शेणाचे दोन भाग केले. एक तिच्या हातात दिला. "हे तुमच्या भिंतीला थापा. माझ्या एकट्याच्या भिंतीवर भरवसा न्हाई."

"मला बोट दावू देशाल का मग?" वैनी म्हणली.

"तुमच्या भिंतीचं तुमी बघा."

ती शेणाचा गोळा घेऊन गेली. मी परळात पाणी ओतलं अन् बाजेवर येऊन पडलो. ओंडक्याखाली पिवळा भुसा सांडलेला दिसत होता, थोडासाच, चिमूटभर. कोणीतरी आत गुणगुणत काम करत होतं. मी तो आवाज ऐकत पडलो होतो तेवढं आठवतं.